सॅलरी कॅप असूनही रग्बी लीगचे क्लब का बुडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लीड्सला शिकायला आल्यापासून तुम्हाला रग्बी लीग या खेळाची (रग्बीचाच एक प्रकार) गोडी लागली. त्याच्या इंग्लंडमधल्या सर्वोच्च स्पर्धेत, सुपर लीगमध्ये, सॅलरी कॅप म्हणजे खेळाडूंवरच्या खर्चाची कमाल मर्यादा आहे, तरी शेजारचा ब्रॅडफर्ड बुल्स तीनदा दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि सॅलफर्डला तर टाळंच लागलं. आयपीएलमध्येही लिलावाची पर्स ठरलेली असते, पण तिथे कोणी बुडत नाही. मग इथे कॅपचा आकडा जास्त आहे, की क्लब लपूनछपून जास्त पैसे देतात?

दोन वेगळे प्रश्न इथे एकत्र झालेत. कॅप मोडणं हा एक प्रश्न आणि क्लब बुडणं हा दुसरा. बुडण्यासाठी कॅप मोडावी लागत नाही. खेळाडूंवर जास्तीत जास्त किती खर्च करायची परवानगी आहे, एवढंच कॅप सांगते. तेवढे पैसे क्लबच्या गल्ल्यात आहेत का, हे ती विचारत नाही. मंगल कार्यालयात पाचशे पाहुण्यांची मर्यादा असते म्हणून कोणी पाचशे जणांना जेवण घालायला बांधील नसतं. रग्बी लीगमध्ये मात्र ही मर्यादा हळूहळू लक्ष्य होऊन बसली.

आयपीएलबद्दल आधी एक दुरुस्ती. तिथेही संघ गेलेत. कोची 2011 मध्ये गेला. पुणे वॉरियर्स 2010 मध्ये 37 कोटी डॉलरला विकला गेला आणि 2013 मध्ये बीसीसीआयने त्याचा करार संपवला. कारण होतं फ्रँचायझी शुल्क आणि बँक गॅरंटी यांचा वाद. खेळाडूंच्या पगाराचा त्यात काही संबंध नव्हता, आणि लिलावाच्या पर्सने त्या संघाला वाचवलंही नाही. पर्स किंवा कॅप एकाच खर्चाला कुंपण घालते. बाकीच्या बाजू उघड्याच राहतात.

आता इंग्लंडमधल्या कॅपचा इतिहास, कारण खरी मेख तिथेच आहे. 1998 मध्ये सुपर लीगने कॅप आणली तेव्हा ती उत्पन्नाशी बांधलेली होती: क्लबच्या उत्पन्नाच्या 50 टक्क्यांपर्यंतच खेळाडूंवर खर्च करायचा. म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरायचा नियम. यात क्लब सुरक्षित राहतो, पण श्रीमंत क्लब श्रीमंतच राहतो आणि स्पर्धा एकतर्फी होते. म्हणून 2002 पासून सगळ्यांसाठी एकच ठोक आकडा आला, 18 लाख पौंड. त्यामुळे सामने चुरशीचे व्हायला मदत झाली. पण ज्या क्लबचं उत्पन्न 30 लाख आणि ज्याचं एक कोटी, दोघांसमोर आता एकच आकडा होता. छोट्या क्लबच्या प्रशिक्षकापासून प्रेक्षकांपर्यंत सगळे विचारू लागले, “आपण कॅपपर्यंत का खर्च करत नाही?” संचालक मंडळाच्या बैठकीत या प्रश्नाला “परवडत नाही” असं उत्तर देणं किती अवघड असतं, ते ज्यांनी ते टेबल पाहिलंय त्यांनाच कळेल.

कॅपचा आकडा जास्त आहे म्हणून क्लब बुडतात, हे मला पटत नाही. 2002 मधले 18 लाख पौंड आजच्या महागाईने 30 लाखांच्या वर जातात. प्रत्यक्षात अलीकडच्या हंगामांत कॅप 21 लाखांवरच राहिली. म्हणजे खऱ्या किमतीत ती जवळपास एक तृतीयांशाने घटली, तरीही क्लब बुडतच आहेत. दुखणं आकड्यात असतं तर एव्हाना बरं झालं असतं.

कुठल्याही लीगचं आरोग्य पाहताना मी आधी एकच गुणोत्तर काढतो: लीगकडून हमखास मिळणारे पैसे भागिले खेळाडूंवरची मर्यादा. आयपीएलचं बघा. 2023 ते 2027 चे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. त्यातला साधारण निम्मा हिस्सा दहा संघांत वाटला तर प्रत्येकाला वर्षाला चारशे कोटींच्या वर मिळतात, आणि 2025 च्या मोठ्या लिलावाची पर्स होती 120 कोटी. गुणोत्तर साडेतीनच्या वर. एकही तिकीट विकलं नाही तरी पगार निघतो. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएलमध्ये, म्हणजे तिथल्या रग्बी लीगच्या मुख्य स्पर्धेत, 2018 पासून क्लबला वर्षाला सुमारे 1 कोटी 30 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर अनुदान मिळू लागलं आणि कॅप होती 90 लाखांच्या थोडी वर. गुणोत्तर सव्वा ते दीडच्या मध्ये. सुपर लीगचा 2024 पासूनचा स्काय वाहिनीबरोबरचा करार वर्षाला 2 कोटी 15 लाख पौंडांच्या आसपास असल्याचं प्रसिद्ध झालं. खालच्या विभागांना आणि प्रशासनाला एक पैही न देता तो तेव्हाच्या बारा क्लबांत वाटला, तरी एकेकाच्या वाट्याला अठरा लाखसुद्धा येत नाहीत. कॅप 21 लाख. गुणोत्तर एकाच्या खाली, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

एकाच्या खाली गेलं की कॅपभर खर्च करणारा प्रत्येक क्लब हंगामाची सुरुवातच खड्ड्यातून करतो. तो खड्डा तिकिटं, प्रायोजक किंवा मालक यांनी भरायचा असतो. या करारापूर्वी, 2017 ते 2021 या काळात स्कायचे पाच वर्षांसाठी 20 कोटी पौंड मिळत होते, म्हणजे वर्षाला 4 कोटी. एवढा आधार जवळपास निम्म्यावर आला आणि कॅप मात्र तिथेच राहिली.

प्रत्यक्ष जमाखर्च मांडून बघू. पुढचे आकडे कुठल्या एका क्लबचे नाहीत, मांडणी कळावी म्हणून घेतलेत. मधल्या फळीतला, भाड्याच्या मैदानावर खेळणारा क्लब धरा. खेळाडूंवर कॅपभर, म्हणजे 21 लाख पौंड. मग मार्की, म्हणजे खास सवलतीत घेतलेल्या मोठ्या खेळाडूंचा नियम येतो. तो 2016 पासून आहे. बाहेरून आणलेल्या मार्की खेळाडूचे कॅपमध्ये फक्त दीड लाख धरले जातात आणि क्लबच्याच तालमीत तयार झालेल्याचे 75 हजार, मग खरा पगार कितीही असो. बाहेरच्याला तीन लाख दिले आणि घरच्याला दोन लाख, तर कॅपच्या बाहेरचा जादा खर्च पावणेतीन लाख. एकूण 23 लाख 75 हजार. त्यावर मालकाच्या बाजूचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक सुरक्षेची वर्गणी. एप्रिल 2025 पासून हा दर 15 टक्के आहे आणि प्रत्येक माणसाच्या पहिल्या 5 हजार पौंडांवर तो लागत नाही. तीस खेळाडूंसाठी हे साधारण 3 लाख 30 हजार होतात. म्हणजे “21 लाखांची कॅप” म्हणता म्हणता बँकेतून 27 लाख बाहेर गेले. यात एकही प्रशिक्षक, फिजिओ किंवा अकादमीचा मुलगा धरलेला नाही. ते, मैदानाचं भाडं, सामन्याच्या दिवशीची सुरक्षा, विमा आणि फ्रान्समध्ये पेर्पिन्याँला कॅटलान्स संघाशी खेळायला जाण्याचा प्रवास मिळून आणखी 20 लाख धरा. खर्च 47 लाख.

जमेच्या बाजूला लीगचा वाटा 14 लाख धरू. घरच्या मैदानावर 13 सामने, सरासरी 5 हजार प्रेक्षक, 20 पौंडांचं तिकीट. इथे नवखे लोक सरळ गुणाकार करून 13 लाख लिहितात. त्यातला सहावा हिस्सा व्हॅट आहे, तो क्लबचा नाहीच. हाती येतात 10 लाख 80 हजार. शिवाय सीझन तिकिटं आणि मुलांची तिकिटं स्वस्त असतात, म्हणजे हाही आकडा उदारच. प्रायोजक, दुकान, पाहुण्यांची दालनं मिळून 12 लाख. एकूण 37 लाखांच्या आत. तूट 10 लाख. कॅपचा एकही नियम न मोडता.

हे 10 लाख दरवर्षी कोणीतरी खिशातून घालतो, बहुधा संचालकाचं कर्ज म्हणून. तो घालतोय तोवर क्लब धडधाकट दिसतो. तो थकला, आजारी पडला किंवा त्याचा मूळ धंदा बसला, की सहा महिन्यांत सगळं उघडं पडतं. कॅनडाच्या टोरंटो वुल्फपॅकचं हेच झालं. 2020 मध्ये सुपर लीगमध्ये येताना त्यांना प्रक्षेपणाच्या पैशात वाटाच नव्हता. सनी बिल विल्यम्ससारखं मोठं नाव आणलं, कोव्हिडने सामने थांबवले आणि जुलैमध्ये संघाने हंगामातून अंग काढून घेतलं.

बुडण्याची वाट जवळपास ठरलेली असते, आणि ती नफ्यातोट्याच्या पत्रकाआधी रोख पैशाच्या चणचणीत दिसते. हंगाम फेब्रुवारी ते ऑक्टोबर. सीझन तिकिटांचे पैसे त्याआधीच्या हिवाळ्यात येतात. पगार मात्र बारा महिने. चणचणीतला क्लब हिवाळ्यात आलेले तिकिटांचे पैसे मागच्या वर्षीची देणी फेडायला वापरतो आणि जून-जुलैत तिजोरीत ठणठणाट होतो. मग काय थांबवायचं? खेळाडूचा पगार थांबवला तर बातमी होते आणि तो करार सोडून जाऊ शकतो. थांबवायला सोपा असतो तो पगारातून कापलेला कर. तो पुढच्या महिन्याच्या 22 तारखेपर्यंत महसूल खात्यात भरायचा असतो. एक महिना चुकला, दोन चुकले, मग व्हॅटचा तिमाही हप्ता. महसूल खातं काही काळ हप्ते बांधून देतं आणि शेवटी क्लब गुंडाळण्यासाठी न्यायालयात जातं. त्या अर्जाची जाहिरात सरकारी गॅझेटमध्ये आली की बँक खातं गोठवते. मग सामन्याला जायची बस ठरवायलाही पैसे हलत नाहीत. शिवाय डिसेंबर 2020 पासून अशा करांच्या वसुलीत महसूल खातं सामान्य घेणेकऱ्यांच्या पुढे असतं. त्यामुळे जर्सी शिवणारा, भटारखाना चालवणारा अशा छोट्या व्यावसायिकांच्या हाती काही लागत नाही. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

ब्रॅडफर्डकडे या नजरेने बघा. 1997, 2001, 2003 आणि 2005 चे विजेते. 2009 पासून सुपर लीगमध्ये परवाना पद्धत होती, म्हणजे आर्थिक छाननी करून प्रवेश, आणि तो परवाना त्यांच्याकडे होता. जानेवारी 2012 मध्ये त्यांनी आपल्या ओड्सल मैदानाचा भाडेपट्टा खेळाच्या नियामक संस्थेला विकून रोकड उभी केली. मार्चअखेरीस प्रेक्षकांपुढे झोळी पसरावी लागली. जूनमध्ये प्रशासक आला. भाडेपट्ट्याचे पैसे तीन महिनेसुद्धा पुरले नाहीत, कारण ते मागचं छिद्र बुजवण्यात गेले. 2014 आणि 2016 मध्ये पुन्हा तेच, आणि जानेवारी 2017 मध्ये कंपनी गुंडाळली गेली. नव्या कंपनीने खालच्या विभागात उणे 12 गुणांनी सुरुवात केली.

सॅलफर्डचं उदाहरण कॅपची मर्यादा आणखी स्पष्ट दाखवतं. 2024 चा हंगाम संपल्यावर त्यांनी पुढच्या वर्षीच्या वाट्यातून 5 लाख पौंडांची उचल घेतली. ऊसतोड मजुराची उचल जशी पुढच्या हंगामाची मजुरी आधीच खाऊन टाकते, तसंच हे. नियामकांनी मग त्यांच्यावर 12 लाखांची वेगळी, कमी कॅप लावली. हेतू योग्य होता, पण वेळ टळून गेली होती. करार आधीच झालेले होते. कॅप कमी केली म्हणून देणं कमी होत नाही. ती ठरवते फक्त मैदानात कोणाला उतरवायचं. फेब्रुवारी 2025 च्या पहिल्याच सामन्यात त्यांनी अनुभवी खेळाडू बाहेर ठेवून पोरंसोरं उतरवली आणि सेंट हेलेन्सने त्यांना 82-0 ने हरवलं. बाहेर बसलेल्यांचे पगार चालूच होते. नवे मालक आले, पैसे वेळेवर आले नाहीत, खेळाडू एकेक करून गेले आणि डिसेंबर 2025 मध्ये न्यायालयाने कंपनी गुंडाळली.

तर इथवरचा हिशेब असा: कॅप शेजाऱ्याच्या श्रीमंतीपासून वाचवते, स्वतःच्या हौसेपासून वाचवत नाही. आणि हमीचं उत्पन्न कॅपपेक्षा कमी असेल तर ती हौस जीवघेणी ठरते.

“मग क्लब कमी खर्च का करत नाहीत?” असं तुम्ही पुढे विचाराल. कारण खाली घसरण्याची भीती. घसरण गुणतक्त्यावर ठरायची तेव्हा तळाला राहिलात तर वरच्या विभागाचा वाटा जायचा, आणि तो वाटा उत्पन्नाचा मोठा भाग असतो. दोन लाख वाचवून तळाला जाण्यापेक्षा दोन लाख उसने घेऊन टिकावं, हे त्या वर्षापुरतं शहाणपणाचंच असायचं. सगळेच क्लब असाच विचार करायचे आणि तळाला कोणी ना कोणी जायचाच. 2025 च्या हंगामापासून आयएमजी या क्रीडा-व्यवसाय कंपनीच्या सल्ल्याने, वरच्या विभागात कोण हे ठरवणारं गुणांकन आलं: एकूण 20 गुण, त्यात कामगिरी 5, प्रेक्षकवर्ग 5, अर्थव्यवस्था 4.5, मैदान 3 आणि उरलेले 2.5 परिसरासाठी. नुसत्या गुणतक्त्यापेक्षा हे बरं. तरी माझ्या मते अर्थव्यवस्थेत नापास झालेल्याला बाकीच्या गुणांवर पास करू नये. ती वेगळी अट हवी.

आता ऑस्ट्रेलिया. तिथे कॅप 1990 पासून आहे आणि उद्देश दोन्ही होते, समतोल आणि क्लब जगवणं. तिथलं गाजलेलं उल्लंघन म्हणजे मेलबर्न स्टॉर्म. एप्रिल 2010 मध्ये उघड झालं की ठरावीक खेळाडूंना अधिकृत कराराशिवाय वेगळ्या पत्रांनी जादा रकमा कबूल केल्या होत्या आणि हिशेबाच्या दोन चोपड्या ठेवल्या होत्या. 2007 आणि 2009 ची विजेतेपदं गेली, आणि उरलेला हंगाम त्यांना गुणांशिवाय खेळावा लागला. त्याआधी 2002 मध्ये सलग 17 सामने जिंकलेल्या कँटरबरी बुलडॉग्जचे 37 गुण कापले गेले आणि ते तळाला गेले. या दोन्ही ठिकाणी प्रश्न न्यायाचा होता. क्लब बंद पडण्याची वेळ आली ती न्यूकॅसल आणि गोल्ड कोस्टवर, 2014-15 च्या सुमारास, आणि दोघांनाही लीगला ताब्यात घ्यावं लागलं. डिसेंबर 2015 मध्ये क्लबांनी लीगकडून कॅपच्या 130 टक्के अनुदानाची समजूत करून घेतली ती याच अनुभवातून. वर्षभरातच लीगने हात आखडता घेतला तेव्हा लीगच्या अध्यक्षांनाच हटवायला क्लब निघाले होते, इतका तो आकडा त्यांच्यासाठी जिव्हाळ्याचा होता. शिवाय पेनरिथसारख्या क्लबांमागे जुगार यंत्रांवर चालणारे मोठे ‘लीग्ज क्लब’ (सभासदांची करमणूक केंद्रं) उभे असतात. ते उत्पन्न इंग्लंडमध्ये कोणाकडे नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे मान्य. विगनसारख्या क्लबला खंबीर मालक आहे, तिथे 10 लाखांची तूट ही धोक्याची घंटा नाही. तुमच्या लीड्सला क्रिकेटमुळे आपल्याला माहीत असलेलं हेडिंग्ली आहे. रग्बी आणि क्रिकेट पाठीला पाठ लावून, मधला स्टँड सामाईक, आणि त्या दालनांत सामने नसतानाही कार्यक्रम होतात. भाडेकरू क्लबला तसं उत्पन्न नाही. म्हणून “कॅप किती असावी” याचं सर्वांना लागू पडणारं उत्तर नाही. मला करायला सांगितलं तर मी 2002 पासूनची ठोक आकड्याची पद्धत ठेवीन आणि त्यासोबत 1998 ची उत्पन्नाची अट परत आणीन: दोन्हींपैकी जी रक्कम कमी, ती त्या क्लबची मर्यादा. मालक खिशातून घालणार असेल तर ती रक्कम हंगामाआधी बँक गॅरंटी म्हणून जमा करावी, कारण तोंडी आश्वासनावर तीन वर्षांचे करार होतात. आणि नवा करार नोंदवण्याआधी मागच्या तिमाहीचा कर भरल्याचा पुरावा मागावा. याने काही चांगले खेळाडू ऑस्ट्रेलियाला जास्त जातील, सामन्यांतली चुरसही थोडी कमी होईल. ती किंमत मला मान्य आहे.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर कंपनीज हाऊस या ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्लबच्या कंपनीचं नाव टाका, ताळेबंद फुकट मिळतो. तो वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांपर्यंत येतो, म्हणजे तुम्ही वाचता ते चित्र जुनं असतं. तो वेळेवर आला नसेल तर तीच पहिली खूण. मग “एका वर्षाच्या आत देय” ही ओळ बघा आणि मागच्या वर्षीशी ताडा. त्यातल्या कर आणि सामाजिक सुरक्षेच्या देण्याचा आकडा वेगळा दिला असेल तर तो आधी. दुप्पट झाला असेल तर क्लब महसूल खात्याच्या पैशावर चाललाय. त्यानंतर टिपांमध्ये “व्यवसाय चालू राहण्याबाबत” काय लिहिलंय ते शब्दशः वाचा: मालकाने पाठिंबा “दिला आहे” की “देण्याची इच्छा दर्शवली आहे”. ब्रॅडफर्ड 2026 साठी सुपर लीगमध्ये परत आलाय, त्यांच्या पुढच्या ताळेबंदापासून सुरुवात करा.